भिंतीपलीकडचे दुधी

नाही, नाही, भिंत उंच करायचीच आहे — त्यात फेरबदल नाही, मिस्त्री, काढलेली टेप परत खिशात घालू नका — मी एवढंच म्हणालो की वेलाला कोयता लावण्याआधी जरा दम धरा. वेल तोडल्याशिवाय वरचे थर बसायचे नाहीत, हे कळलं मला. पहिल्यांदा सांगितलंत तेव्हाच कळलं. मी बहिरा नाही — म्हणजे आहे थोडा, डाव्या कानानं, म्हणून माझा आवाज जरा चढा लागतो, तेवढं चालवून घ्या. तुम्ही आपले त्या स्टुलावर उभे राहा, मापं घ्या, तोवर मी इथं या दगडावर टेकतो. आणि एक विनंती — पलीकडे बघू नका. दुसऱ्याच्या अंगणात डोकावणं शोभत नाही. … बघितलंतच? मग आता बघितलंच आहे तर सांगा, काय दिसलं? दुधी ना? लोंबताहेत? कोवळे आहेत की जून झाले? — नको, नका सांगू. माझा काही संबंध नाही त्यांच्याशी. वेल माझा, मुळं माझ्या अंगणात, खत मी घातलं, पाणी मी घातलं, नामस्मरण करत करत घातलं — आणि दुधी मात्र एकूण एक त्या बाजूला. म्हणून ही भिंत. एवढं सरळ प्रकरण आहे.

हसू नका. तुम्हाला हसू येतंय ते त्या पाट्यांमुळे, मला ठाऊक आहे. येणारा प्रत्येक माणूस आधी पाट्या वाचतो आणि मग जमिनीकडे बघून खाकरतो. अक्षर चांगलं आहे ना? असणारच, माझी उभी नोकरी भूमापनात गेली — नकाशे काढायचे, हद्दी आखायच्या, भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या मधोमध साखळी टाकून सांगायचं, हे तुझं आणि ते त्याचं. निवृत्त झालो, वर्षभरात ही गेली, आणि चिरंजीवांना परगावी बसून काळजी पडली की म्हाताऱ्यानं दिवसभर करायचं काय. त्यांनी बियाणांची पाकिटं धाडली. प्रत्येक पाकिटावर छापलेलं, ‘सोप्या भाज्या — कोणालाही जमतील.’ आता बघा, एवढं वाचून तरी माणसानं सावध व्हावं की नाही? मी म्हटलं, आयुष्यभर मोठमोठी रानं मोजली, हे हातभर अंगण म्हणजे काय. आधी दोरी लावली. वाफे काटकोनात आखले. कडेनं पांढरे रंगवलेले दगड बसवले, एका रेषेत, डोळा मिटून चालावं असे. मग बाटल्या उलट्या पुरल्या, निळी एक, हिरवी एक, अशा आळीपाळीनं. ते मातीचं बदक आणि त्याची पिल्लं, तो सायकलचा सांगाडा, ते जुने बूट — त्यांत फुलं येणार होती — तो कंदील, आणि शेवटी पाट्या. मुळा. पालक. कोथिंबीर. सगळं झालं आणि चिरंजीवांना फोटो धाडला. त्यांचा फोन आला, ‘बाबा, छानच झालंय हो, पण जरा… स्मशानासारखं दिसतंय का?’ मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर — खरंच तसं दिसत होतं. इथे मुळा विसावला आहे, अशा थाटाचं.

पण पेरलं हो मी मनापासून. नुसतं पेरलं नाही, भक्तिभावानं पेरलं, तिथंच घोटाळा झाला. कोथिंबिरीचे धणे आधी रगडून दोन डाळी कराव्या लागतात — हे मला सिस्टरांनी नंतर सांगितलं — मी अखंडच घातले, प्रत्येक दाण्याला बोटानं वेगळी खळी करून, जणू देवापुढे अक्षता वाहतोय. आले त्यातले थोडेसे, रुसल्यासारखे. मुळा मात्र भरभरून उगवला, इतका दाट की हिरवी सतरंजी अंथरावी. मला काय आनंद. तेव्हा भिंतीपलीकडून आवाज — ‘अहो, विरळणी करा, निम्मी रोपं उपटून टाका, नाहीतर खाली काही धरायचं नाही.’ उपटून टाका म्हणे. मी कोण त्यांच्यात निवडणारा? भगवंतानं ज्याला उगवू दिलं त्याला मी कोणत्या अधिकारानं उपटावं? मी त्यांना भिंतीच्या अलीकडून दयेवर एक छोटंसं निरूपण ऐकवलं. त्या ऐकून घेतात. मग यथावकाश मुळे काढले. मिस्त्री, उंदराच्या शेपट्या बऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘पाला तरी कोवळा आहे.’ पालकाचं म्हणाल तर तो माझ्या डोळ्यांदेखत तुरे काढून बसला, कारण पान तोडायला माझा हात होईना. टोमॅटोला काठ्या इतक्या सुंदर रंगवल्या की आता काठ्याच राखतोय. एकटा पुदिना तेवढा माजला, त्या फुटक्या बेसिनमध्ये — त्याला माझ्या भक्तीची गरज पडली नाही, म्हणून.

कोण सिस्टर? पलीकडच्या. पूर्वी रुग्णालयात मुख्य परिचारिका होत्या, सगळी गल्ली सिस्टरच म्हणते. एकट्याच राहतात. रस्त्यात भेटल्या तर मान हलवण्यापुरती ओळख, पण इथं — ही भिंत तुम्ही बघताय, माझ्या डोक्याहून वीतभर उंच, तेव्हा इथं त्या मला दिसत नाहीत, मी त्यांना दिसत नाही. आवाज येतो. आणि संध्याकाळी हात येतो. — हात म्हणजे, वाटी असायची हातात. तेच तर सांगतोय. पण आधी वेलाचं ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल मी उगाच कांगावा करतोय.

दुधीचं बी पाकिटात तळाशी चिकटून राहिलं होतं, एकच. ते मी भिंतीच्या कडेला खुपसलं, पाटीसुद्धा केली नाही. आणि हा वेल — बघा ना, मनगटाएवढा बुंधा — असा सुटला की काय सांगू. रोज सकाळी येऊन बघावं तर हातभर पुढे. मला तर साक्षात्कारच झाल्यासारखं वाटलं. म्हटलं, एवढे दिवस परीक्षा चालली होती, आता प्रसाद. पांढरी फुलं आली, तीही संध्याकाळी उमलणारी. मी रोज दिवेलागणीला इथं खुर्ची टाकून बसू लागलो. फुलं भरपूर — पण फळ नाही. सिस्टर म्हणाल्या, ‘ती सगळी नरफुलं आहेत. मुख्य वेलाचा शेंडा खुडा. शेंडा खुडला की बाजूला फांद्या फुटतात, मादीफुलं तिथं येतात. कात्रीनं एवढुसा शेंडा उडवायचा, दोन मिनिटांचं काम.’ मी म्हटलं, ‘सिस्टर, चढत्या जिवाचा शेंडा खुडायचा?’ त्या म्हणाल्या, ‘मी जन्मभर लोकांच्या जखमा धुतल्या, मला नका दया शिकवू.’ त्या बोलतात असं. फटकळ आहेत. पण आवाज गोड आहे हो — म्हणजे स्वच्छ आहे, शब्द न् शब्द माझ्या डाव्या कानालाही ऐकू येतो, एवढंच म्हणायचं आहे मला.

शेंडा मी खुडला नाही. नाहीच खुडला. वेल चढत चढत भिंतीवर गेला, भिंतीवरून पलीकडे उतरला, आणि मी इकडे रोज देवाला सांगतोय की फार नको, एक दे. एकच. पूजेच्या वेळी डोळे मिटले की समोर मूर्ती यायची तिथे दुधी यायला लागला — आता यावर तुम्ही हसलात तर मी काही बोलणार नाही. वाचनालयात दर आठवड्याला माझ्यासारखेच चार म्हातारे जमतात, त्यांच्यापुढे मी बोलतो, विषय बहुधा एकच, फळाची आशा सोडावी कशी. आणि घरी येऊन खुर्ची टाकून फळाची वाट बघत बसतो. देवानं ऐकलं बरं का. त्यानं दिले, भरपूर दिले. फक्त भिंतीच्या त्या बाजूला दिले. त्याचा विनोद कळायला माणसाला थोडं उंच असावं लागतं.

तर वाटी. ही गेली तेव्हा गल्लीतून डबे यायचे. मी ते सगळे परत धाडले. म्हटलं, आजवर कोणाचं काही घेतलं नाही, आता तोंड पसरून बसायचं नाही. सिस्टरांनी एकदा सूप पाठवलं होतं, तेही जसंच्या तसं परत. अहंकार म्हणा. मी त्याला व्रत म्हणत होतो. मग या वेलाच्या दिवसांत, एका संध्याकाळी, मी असाच कुरकुरत होतो की वांझ वेल, वांझ वेल — आणि भिंतीवरून हात आला, हातात वाटी. ‘घ्या. दुधीची भाजी आहे. तुमचा वेल देईल तेव्हा देईल, तोवर चव विसरू नका.’ मी म्हटलं, मी कोणाचं घेत नाही. त्या म्हणाल्या, ‘हात दुखतोय माझा.’ आता यावर काय करायचं? घेतली. खाल्ली. मिस्त्री — इथं उभ्यानंच खाल्ली, त्या बेसिनपाशी, आत ताट घ्यायलाही गेलो नाही. ही गेल्यापासून मी जे जेवत होतो ते जेवण नव्हतं, गोळी घेतो तसं घेत होतो. वाटी रिकामी परत द्यायची नाही, असं हिचं कडक सांगणं असायचं, म्हणून मी धुऊन तिच्यात पुदिना घालून परत दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी. पुन्हा पुदिना. कधी मुळ्याचा पाला, कधी टोमॅटो — एकदाच आला तो, लिंबाएवढा, तोही दिला. एकदा काहीच नव्हतं तेव्हा बुटातलं फूल दिलं. त्यांनी ते घेतलं. मग म्हणाल्या, ‘हे शिजवायचं कसं?’

रोज विचारायचो, ‘सिस्टर, एवढा कोवळा दुधी तुम्हाला मिळतो कुठं? आमच्या बाजारात तर नुसते लाकडाचे ओंडके.’ म्हणायच्या, ‘मिळतो. ओळखीचा आहे.’ आणि मी कौतुक करायचो त्या ओळखीच्या माणसाचं. म्हणायचो, बघा, याला म्हणतात हात, त्याला सांगा मी नमस्कार सांगितलाय. अहो, मला कोणी वाटेल तेवढं मूर्ख बनवा, पण माझ्याच तोंडून मला नमस्कार?

इस्त्रीचा सदरा? कोणता — हा? हा मी रोजच घालतो. म्हणजे संध्याकाळी पाणी घालताना घालतो. झाडांसमोर गबाळं कशाला जावं, त्यांनाही जीव असतो. तुम्ही माप घ्या.

मग कळलं कसं? माझ्या सजावटीपायी कळलं. सगळं नटवून झालं होतं, भिंतीचा माथा तेवढा उघडा राहिला होता. म्हटलं, वर रंगीत कुंड्या ठेवाव्यात, एकीत दिवा ठेवावा. म्हणून हेच स्टूल आणलं, ज्यावर तुम्ही उभे आहात, आणि चढलो. आणि बघतो तर — तुम्ही पाहिलंतच. वेल तिकडे मांडवावर नीट चढवलेला, सुतळीनं बांधलेला, आणि खाली दुधीच दुधी, काहींना तर कापडाची झोळी करून आधार दिलेला, हाडं मोडलेल्या रोग्याला देतात तसा. त्या तिथंच होत्या, हातात सुरी, एक दुधी कापत होत्या. माझ्याकडे वर बघितलं. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला नाही हो त्यांचा. त्या म्हणाल्या, ‘स्टूल हलतंय, खाली उतरा आधी.’

मी उतरलो आणि मग जे नको ते बोललो. मोठ्यानं बोललो, हे तर तुम्ही जाणताच. ‘माझंच मला वाढून उपकार करत होतात का? इतके दिवस माझी गंमत बघत होतात?’ असं आणि याहून वाईट. शेवटी म्हणालो, ‘भिंत उंच करतो, म्हणजे तुमची सोयही नको आणि माझी फसवणूकही नको.’ पलीकडून एवढंच आलं, ‘बरं.’ नंतर काही नाही. तेव्हापासून काही नाही. आठवडा होऊन गेला. त्या पाणी घालतात तो झारीचा आवाजसुद्धा येत नाही, माझ्या न येण्याच्या वेळा बघून घालत असतील. मी येतो. वेळेवर येतो. फुलं उमलतात ती बघतो — उमलताना आवाज होत नाही, हे मला आत्ता आत्ताच लक्षात आलं. आधी लक्ष नव्हतं.

रागावण्यासारखं होतंच ते, नाही का? तुम्ही त्रयस्थ आहात, तुम्ही सांगा. … काय? शेंडा? शेंडा कोणी खुडला म्हणजे? मी नाही खुडला, सांगितलं ना मघाशी. तो तर सरळ भिंतीवरून पलीकडे — थांबा. तुम्हाला तिथून दिसतंय? कापलेला आहे? कात्रीनं? आणि तिथूनच फांद्या फुटल्यात, त्याच फांद्यांना दुधी… म्हणजे त्यांनी खुडला. म्हणजे मी खुडला नाही म्हणून त्यांनी… बघा म्हणजे. माझ्या हातात राहिला असता तर आजही नुसती फुलंच मोजत बसलो असतो मी. मग फळ नक्की कोणाचं?

आणि नोकरीत असताना हा निवाडा मीच देत होतो, मिस्त्री. अशी प्रकरणं यायची — बुंधा याच्या रानात, फांदी त्याच्या. लोक डोकी फोडायला निघालेले असायचे. मी साखळी गुंडाळत शांतपणे सांगायचो, दादांनो, हद्दीपलीकडे लोंबलं ते पलीकडच्याचं. मला कायदा विचारू नका, मी आपली समजूत सांगत होतो, आणि लोक मानायचे. चहा द्यायचे वर. आता त्याच न्यायानं ते दुधी सिस्टरांचे. खुडणी त्यांची, मांडव त्यांचा, झोळी त्यांची. त्या खुशाल सगळे खाऊ शकत होत्या, विकू शकत होत्या. त्यांनी शिजवून — मीठ बेताचं घालून, मला वर्ज्य आहे हे मी कधीतरी बोललो असेन — रोज भिंतीवरून हात वर करून… त्यांचा खांदा धरतो, तरी. रोग्यांना उचलून उचलून धरलाय. आणि सांगितलं असतं, ‘हे तुमचेच दुधी’, तर मी काय केलं असतं? सांगतो काय केलं असतं. टोपली घेऊन गेलो असतो, मोजून सगळे घेऊन आलो असतो, आणि या स्वयंपाकघरात ओट्यावर मांडून बघत बसलो असतो. मला कुठं शिजवता येतो दुधी? ते तिथंच वाळले असते, माझ्यासकट. आणि दुसऱ्याचा आहे म्हटलं असतं, तर माझं व्रत. माझं ते थोर व्रत. तेव्हा त्या बाईंनी काय केलं — माझं मलाच दिलं, पण मला न कळता दिलं, म्हणजे व्रतही मोडायला नको आणि पोटही… हे मी तुम्हाला का सांगतोय? तुम्ही भिंतीचं माप घ्यायला आलात.

झालं का माप? किती थर बसतील? बरं. आणि मी कितीही उंच केली तरी वेल पुन्हा चढणारच, असं म्हणता? तसंही आहे. आणि हात मात्र पोचायचा नाही. वेल पोचेल आणि हात पोचायचा नाही, असली भिंत बांधायला निघालोय मी, जन्मभर हद्दी आखून हे शहाणपण मिळवलं. वाचनालयात सांगायला हवं एकदा. नको, चौघेही हसतील, आणि त्यांतला एक तर हसताना खोकतो.

हळू बोलू? का हळू बोलू? आपल्याच अंगणात बोलतोय मी, इथं ऐकायला आहे कोण… काय खुणावताय? पलीकडे? पलीकडे काय?

बसल्यात?

कुठं — भिंतीला लागून? कधीपासून? … तुम्ही स्टुलावर चढलात तेव्हापासून? आणि तुम्ही मला आता सांगताय? आवाज गोड आहे म्हणालो, ते सुद्धा… सदऱ्याचं सुद्धा. चेहरा कसा आहे? रागावल्यात? नीट बघा. नाही, नीट नका बघू, हळूच बघा. … हसताहेत? तोंडाला पदर लावून म्हणजे नक्की काय, हसताहेत की — बरं. बरं. राहू दे.

उतरा खाली. टेप गुंडाळा. नाही, खूण करू नका भिंतीवर, खडू ठेवा. वेलाला हात लावू नका. विटा आणल्यात त्या न्यायच्या कशाला परत, इथं भिंतीशी रचून ठेवा, माणूस उभा राहील एवढ्या, पायरीसारख्या. स्टूल हलतं, त्या म्हणाल्याच होत्या. आणि जाताना स्वयंपाकघराच्या खिडकीत वाटी आहे, धुऊन ठेवलेली, ती मला आणून द्या. आठवडाभर ठेवलीय, कारण रिकामी द्यायची नाही, आणि नुसता पुदिना घालून मिटावं असलं काही मी बोललो नव्हतो त्या दिवशी. पुदिन्यानं भागायचं नाही हे.

तुमच्याकडे कात्री आहे? कोयता नको, कात्री. ही बघा, ही फांदी नंतर फुटलेली, या बाजूची, एकटीच वर निघालीय ताठ. हिचा शेंडा — एवढुसाच — तो वाटीत घालून दिला, तर सिस्टरांना कळेल? त्यांना कळेल. त्यांना शब्दात सांगावं लागत नाही.

नाही, तुमच्यादेखत नाही जमायचं मला. द्या ती कात्री, आणि जा तुम्ही आता. फाटक ओढून घ्या.